वाचनालयातले सहा संगणक आणि परत परत येणारं एक्स्टेन्शन

मंगळवार, 4 नोव्हेंबर 2025

दिवाळीच्या सुट्टीनंतर वाचनालय उघडलं आणि ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "अभ्यासिकेतला तीन नंबर काहीही शोधायला गेलं की भलतीकडेच नेतो. मुलं कंटाळलीत. जरा येऊन बघता का?" संध्याकाळी गेलो.

अभ्यासिकेत सहा संगणक आहेत. स्पर्धा परीक्षांचे अर्ज, हॉल तिकीट, शिष्यवृत्ती, डिजिटल सातबारा, कुणाचं मराठी टायपिंग, अशी कामं त्यांच्यावर दिवसभर चालतात. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला तर रांग लागते. ही मशीन्स बिघडली की तालुक्यातल्या पोरांना सायबर कॅफेत पैसे मोजावे लागतात, म्हणून हे काम नीट करायचं ठरवलं आहे. जे जे करीन ते इथे लिहून ठेवतो.

तीन नंबरवर 'पोलीस भरती' असं टाकून एंटर मारलं. अ‍ॅड्रेस बारमध्ये एक अनोळखी पत्ता डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसला आणि दुसऱ्याच शोधयंत्राचं पान उघडलं. वरचे चारही निकाल जाहिराती. त्यातल्या एकाचं नाव सरकारी वाटावं असं, पण पत्ता भलताच. घाईत असलेली मुलगी तिथे आधार नंबर भरून मोकळी होईल.

आज कशालाही हात लावला नाही, फक्त एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅम्सची, मोजदाद केली. ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यातलं कोड्याच्या तुकड्याचं चिन्ह, त्यातून 'मॅनेज एक्स्टेन्शन्स', आणि जे दिसेल ते वहीत. सहा मशीन्सवर मिळून 41 निघाली, एकट्या तीन नंबरवर 11. पीडीएफ जोडणारी, फोटो लहान करणारी, व्हिडिओ उतरवणारी, स्क्रीनशॉट घेणारी, कूपन शोधणारी, हवामान सांगणारी, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या मजकुराचं युनिकोड करणारी. यादी वाचताना जाणवलं की यातलं जवळपास प्रत्येक कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलेलं आहे. फॉर्म म्हणतो फोटो 50 केबीच्या आत हवा, मोबाइलवरचा फोटो असतो 3 एमबीचा, आणि रात्री बारापर्यंतच मुदत. अशा वेळी माणूस जे पहिलं सापडेल ते घेतो. नुसतं काढून टाकलं तर पुढच्या अर्जाच्या वेळी ते पुन्हा येणारच.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

आज परवानग्या वाचल्या. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स' पानावर त्या लिहिलेल्या असतात, पण इन्स्टॉल करताना ती खिडकी कुणी वाचत नाही. 41 पैकी 26 जणांकडे एकच वाक्य होतं: तुम्ही उघडता त्या सगळ्या वेबसाइट्सवरची तुमची सगळी माहिती वाचणं आणि बदलणं.

या वाक्याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा. पान उघडलं की एक्स्टेन्शनचा कोड त्या पानात उतरतो. तिथे टाइप केलेलं नाव, पासवर्ड, बँकेची शिल्लक, सगळं त्याला दिसू शकतं. पत्त्याशेजारचं कुलूप इथे कामाचं नाही. ते वाटेतल्या चोराला अडवतं, आणि हा तर घरात बसलेला असतो.

फोटो लहान करणारं एक नीट उघडून पाहिलं. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनला 32 अक्षरांची ओळख असते, इंग्रजी वर्णमालेतल्या पहिल्या 16 अक्षरांतून बनलेली. वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये 'एक्स्टेन्शन्स' नावाची जागा आहे, तिथे त्याच ओळखीचा फोल्डर सापडतो आणि आत 'मॅनिफेस्ट' नावाची फाइल. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. फोटो लहान करायला काय लागतं? फोटो. इथे मात्र सगळ्या पत्त्यांवर प्रवेश, टॅब्सची माहिती, ब्राउझिंगचा इतिहास आणि इतर एक्स्टेन्शन्स चालू-बंद करायची मुभा मागितलेली. शेवटची मुभा वाचून तर खुर्चीत सरळ बसलो. फोटोचं माप कमी करणाऱ्याला शेजाऱ्याला बंद करायचा अधिकार कशाला हवा?

मॅडम म्हणाल्या, "पण याला साडेचार तारे आहेत की." ताऱ्यांवर मी विसंबत नाही, आणि का ते त्यांना सांगितलं. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक खरोखर उपयोगी एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं. लाखो लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने त्यात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, असल्याचं सांगून ते काढून टाकलं. तारे तेच, नाव तेच, मालक बदललेला. कधी कधी मालकही तोच असतो. डिसेंबर 2024 मध्ये, ऐन नाताळच्या सुट्टीत, सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलने गाठलं आणि त्यांच्या एक्स्टेन्शनची बाधित आवृत्ती स्टोअरमधून लोकांच्या ब्राउझरमध्ये आपोआप पोचली. अपडेट गुपचूप होतं, तो त्याचा गुणही आहे आणि धोकाही. म्हणून माझा नियम साधा आहे: ज्याच्यावाचून काम अडत नाही ते ठेवायचं नाही, मग ते आज कितीही चांगलं असो.

संध्याकाळपर्यंत 36 काढली. 'रिमूव्ह' दाबताना काही जण निरोपाचं पान उघडून 'का जाताय' विचारतात, त्यावर काहीही न दाबता टॅब बंद केला. वहीत 5 उरली. त्यातली चार विचार करून ठेवली आहेत. पाचवं तीन नंबरवरचं, आणि ते निघतच नाही. त्याच्यापुढे 'रिमूव्ह' बटणच नाही. चालू-बंदचा खटका करडा पडलेला, खाली मजकूर: तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने इन्स्टॉल केलं आहे.

मॅडमना विचारलं, "अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण?" त्या म्हणाल्या, "तुम्हीच ना?"

शनिवार, 8 नोव्हेंबर

एक आणि पाच नंबरवर परवा काढलेली तीन एक्स्टेन्शन्स परत आली आहेत. हे मात्र लगेच उलगडलं. दोन्हीकडे एका विद्यार्थ्याचं गुगल खातं ब्राउझरमध्येच साइन इन राहिलेलं होतं आणि सिंक चालू. त्याच्या घरच्या लॅपटॉपवर जे आहे ते इथे उतरत होतं. त्याला बोलावलं, त्याच्याच हाताने साइन आउट करायला लावलं आणि मग ते प्रोफाइल पुसलं. त्याचे सेव्ह केलेले पासवर्डही या सार्वजनिक मशीनवर पडून होते, ते पाहून पोरगा पांढराफटक पडला. रागावलो नाही. मेल उघडण्याच्या निमित्ताने ब्राउझर साइन इन करायला कसं सुचवतो ते मलाही ठाऊक आहे.

पाच नंबरवर आणखी एक गोष्ट. जाहिराती अडवणारं 'युब्लॉक ओरिजिन' बंद पडलेलं आणि त्याखाली 'आता सपोर्ट नाही' असा शेरा. कुणीतरी ते व्हायरस समजून मॅडमकडे तक्रार केली होती. तसं नाही. क्रोमने एक्स्टेन्शन्सची जुनी रचना, मॅनिफेस्ट व्ही2, जून 2024 पासून टप्प्याटप्प्याने बंद करत आणली आणि यंदा 139 व्या आवृत्तीत ती पूर्ण गेली. हे त्या बदलात मागे राहिलेलं चांगलं साधन. त्याची नव्या रचनेतली 'लाइट' आवृत्ती ठेवणार आहे, कारण फसव्या जाहिराती अडवणं हे इथे चैन नाही, गरज आहे.

रविवार, 9 नोव्हेंबर

वाचनालय बंद, म्हणून दिवसभर तीन नंबरपाशीच. आजची नोंद लांबणार.

अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोमचं 'पॉलिसी' पान उघडलं. घरच्या किंवा अशा साध्या मशीनवर हे पान रिकामं असायला हवं. पॉलिसी म्हणजे मोठ्या कार्यालयांसाठी केलेली सोय: शंभर संगणकांवर एकच एक्स्टेन्शन सक्तीने बसवायचं, कर्मचाऱ्याला काढता येऊ नये. आपल्याकडे असं कुणी काही ठेवलेलं नाही. तरी तिथे एक ओळ होती: 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट', म्हणजे सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शन्सची यादी, आणि पुढे तीच 32 अक्षरं जी मी गुरुवारी वहीत उतरवली होती. ब्राउझरच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असंही लिहिलेलं. आमची ऑर्गनायझेशन म्हणजे मॅडम, एक शिपाई काका आणि कार्यकारी मंडळ. यांच्यापैकी कुणीही हे केलेलं नाही.

ही ओळ राहते विंडोजच्या रजिस्ट्रीत, जिथे त्याच्या सगळ्या सेटिंग्ज साठवलेल्या असतात. पूर्ण संगणकाला लागू असलेल्या 'एचकेएलएम' या शाखेखाली सॉफ्टवेअर, मग पॉलिसीज, मग गुगल, मग क्रोम. आधी ती पूर्ण शाखा एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवली, मगच नोंद खोडली. (कार्यालयाच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर हे कुणी करू नये. तिथे ती पॉलिसी खरोखर त्यांचीच असते, तिथल्या माणसाला विचारावं.) पॉलिसी पानावर 'रीलोड' दाबलं. ओळ गेली, एक्स्टेन्शन आपसूक नाहीसं झालं. एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्येही हेच जुळं बसलेलं, मायक्रोसॉफ्टच्या शाखेत. तेही काढलं. फायरफॉक्स स्वच्छ होता.

11:20 ला मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. लॉगिन झाल्यावर चहा घेईपर्यंत एक्स्टेन्शन हजर. तेच नाव, तेच चिन्ह.

म्हणजे कुणीतरी ते परत ठेवतंय. मशीन चालू झाल्यावर आपोआप काय काय सुरू होतं ते पाहायचं ठरवलं. स्टार्टअपच्या यादीत काही नाही. प्रोग्रॅमच्या यादीतही ओळखीचंच. मग ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा टास्क शेड्यूलर उघडला. अपडेटरसारखी नावं तिथे डझनभर असतात, आणि लपायला तीच जागा सोयीची. एकेकाचा 'अ‍ॅक्शन्स' टॅब उघडून तो नेमकं काय चालवतो ते वाचत गेलो. चौदावा किंवा पंधरावा असेल. नाव प्रिंटरच्या अपडेटचं, पण चालवत होता पॉवरशेल (विंडोजला लिखित आज्ञा देणारा प्रोग्रॅम), खिडकी न दाखवता, आणि त्या आज्ञांची फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, ठेवलेली विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरमध्ये. लॉगिनला एकदा आणि नंतर दर चार तासांनी. आमच्याकडे त्या कंपनीचा प्रिंटरच नाही.

स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडली. बरंचसं मुद्दाम गुंतागुंतीचं केलेलं, पण दोन गोष्टी स्पष्ट वाचता आल्या: रजिस्ट्रीतला तोच रस्ता, आणि ब्राउझरचं अपडेट बंद करण्याची ओळ. ऑगस्ट 2024 मध्ये रीझनलॅब्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हुबेहूब या पद्धतीच्या मोहिमेचं वर्णन केलं होतं: फसवा इन्स्टॉलर, शेड्यूल्ड टास्क, पॉवरशेल, सक्तीने बसवलेली एक्स्टेन्शन्स, किमान तीन लाख वापरकर्ते. आमचं तेच की त्याचं भावंड, याला महत्त्व नाही. रीत तीच.

टास्कच्या फाइलची तारीख 19 ऑगस्ट, दुपारी 4:52. 'डाउनलोड्स' फोल्डर तारखेने लावला. 19 ऑगस्ट, 4:49, फोटो लहान करायचा एक फुकट प्रोग्रॅम. तीन मिनिटं.

मॅडमकडे अभ्यासिकेचं रजिस्टर आहे. कोण कोणत्या मशीनवर कधी बसलं ते त्यात असतं, पाच मिनिटांत नाव सापडेल. मी ते उघडलं नाही आणि त्यांनाही उघडू नका म्हणून विनंती केली. ज्याने ते उतरवलं त्याला एक फोटो 50 केबीत बसवायचा होता, बाकी काही नाही.

सोमवार, 10 नोव्हेंबर

टास्क आणि स्क्रिप्ट काढून, नोंदी खोडून मशीन तीनदा चालू-बंद केलं. एक्स्टेन्शन परत आलं नाही. तरीही या मशीनवर माझा विश्वास उरलेला नाही. जे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने पावणेतीन महिने चाललं त्याने आणखी काय ठेवलं असेल हे एकेक फाइल चाळून कळत नाही. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. तसंही विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबरला संपला आहे, आणि या मशीनचा प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याने 11 चालतं. रात्री तेच लावून आलो.

जास्त वेळ गेला तो सूचना फलकावर. मला लिहायचं होतं की 19 ऑगस्टपासून तीन नंबर वापरलेल्यांनी पासवर्ड बदलावेत. मॅडमना काळजी की लोक म्हणतील वाचनालयाचे संगणक धोक्याचे, आणि मंडळ विचारेल. मी त्यांना एवढंच म्हणालो की इथे बसून कुणी बापाच्या खात्याची शिल्लक पाहिली असेल, त्याला हे कळायलाच हवं. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग स्वतःच्या अक्षरात सूचना लिहिली. माझ्यापेक्षा सोपी लिहिली. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. गुगल खात्याच्या 'सुरक्षा' पानावर जाऊन ओळखीची नसलेली सगळी उपकरणं साइन आउट करा. बँकेचं काम इथे केलं असेल तर व्यवहार तपासा, काही वावगं दिसलं तर 1930 ला फोन लावा. साइन आउटचा मुद्दा मी मुद्दाम घालायला सांगितला, कारण लॉगिनची कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद, चोरीला गेली असेल तर चोराला पासवर्ड लागतच नाही.

गुरुवार, 13 नोव्हेंबर

सूचना वाचून एक निवृत्त गुरुजी आले. "अहो, माझ्या दोन नंबरवर रोज व्हायरस आल्याची खूण येते, कोपऱ्यात. हे बघा तरी." पाहिलं. एक्स्टेन्शन नव्हतं, नोटिफिकेशन होतं. कुठल्याशा पानाने 'अलाउ दाबा' म्हटलं आणि त्यांनी दाबलं. साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये 17 पत्त्यांना परवानगी होती. सगळ्या काढल्या, साइट्सनी विचारूच नये असं लावलं. गुरुजींनी तो खटका स्वतः दोनदा चालू-बंद करून पाहिला आणि घरच्या संगणकासाठी पायऱ्या डायरीत उतरवून घेतल्या.

रविवार, 16 नोव्हेंबर

कुलपं लावली.

मूळ चूक अशी की सहाही मशीन्सवर सगळे जण अ‍ॅडमिन खात्यातूनच, म्हणजे संगणकात काहीही बदलू शकणाऱ्या खात्यातूनच, बसत होते. कारण विचारलं तर स्कॅनर. चार वर्षांपूर्वी तो बसवताना अ‍ॅडमिन लागलं आणि नंतर तसंच राहिलं. प्रत्येक मशीनवर 'वाचक' नावाचं साधं खातं काढून स्कॅनर चालवून पाहिला, चालतो. आता कुणी काहीही उतरवलं तरी 'एचकेएलएम'मध्ये लिहायला पासवर्ड विचारला जाईल, आणि तो मॅडमकडे आहे.

मग ज्या रजिस्ट्रीच्या शाखेतून ते घुसलं होतं तिथेच आपली पॉलिसी लिहिली. 'ब्लॉकलिस्ट'मध्ये एक ताराचिन्ह (*), म्हणजे सगळी एक्स्टेन्शन्स मना. 'अलाउलिस्ट'मध्ये फक्त जाहिराती अडवणाऱ्याची ओळख. गुरुवारी ठेवलेली बाकीचीही आता गेली, विचार केल्यावर त्यांच्यावाचून अडत नव्हतं. ब्राउझरला गुगल खातं जोडणं बंद. संकेतस्थळावर मेल उघडता येतो, सिंक होत नाही. एजलाही तेच.

ब्राउझरच्या गेस्ट मोडचाही, म्हणजे पाहुण्यासाठीच्या तात्पुरत्या खिडकीचाही, विचार केला होता. खिडकी बंद केली की इतिहास आणि कुकीज जातात, पण उतरवलेल्या फाइल्स जात नाहीत. 'डाउनलोड्स'मध्ये लोकांचे जातीचे दाखले, आधार, मार्कशीट असे ढीगभर सापडले. ते सगळे पुसले, आणि एक दिवस न उघडलेली फाइल आपोआप जाईल असं विंडोजच्या स्टोरेज सेन्स या सोयीत लावलं.

मंगळवार, 18 नोव्हेंबर

काढलं त्याच्या जागी काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून डोक्यात होता. आज अभ्यासिकेतल्या नऊ जणांना घेऊन बसलो. फोटोसाठी पेंट: 'रीसाइज', पिक्सेल्स, रुंदी 300 च्या आसपास, जेपीईजी म्हणून सेव्ह. वेब पानाची पीडीएफ हवी तर प्रिंटमधून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. स्क्रीनशॉटला विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र. मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच 2019 पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. तो जोडून दिला, विंडोज आणि स्पेसबारने बदलतो. टायपिंगची परीक्षा देणाऱ्यांना इनस्क्रिप्ट कीबोर्डही तिथेच मिळतो.

दोन पीडीएफ जोडायची सोय मात्र विंडोजमध्ये आयती नाही. त्यासाठी एक साधा ऑफलाइन प्रोग्रॅम निवडून, मशीनवर आधीच बसवून ठेवायचा आहे. तोवर मॅडम स्वतःच्या टेबलावरच्या संगणकावर जोडून देणार.

भरतीची तयारी करणारी एक ताई शेवटपर्यंत थांबली होती. तिचा फोटो पहिल्यांदा 112 केबी झाला, मग रुंदी कमी केली, 61, मग 43. सहीसाठी कोरा कागद मागून घेतला, जाड पेनने सही केली आणि तिचं मापही स्वतःच जमवलं.

रविवार, 23 नोव्हेंबर

आठवड्याची तपासणी. सहाही मशीन्सची पॉलिसी पानं पाहिली, आपण लिहिलेल्या ओळींपलीकडे काही नाही. टास्क शेड्यूलर चाळला. क्रोम सगळीकडे अद्ययावत. तीन नंबरवर 'पोलीस भरती' टाकलं, सरळ निकालच आले.

काल शिपाई काकांनी एका मुलाची तक्रार घेतली होती: मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतंय, सूचनेत लिहिलेला तोच प्रकार पुन्हा आला का? त्याने पाहिलं आणि विचारलं याचा फार आनंद झाला. ती ओळ आता आपलीच आहे. सूचना फलकावर तसं लिहून, खाली अलाउलिस्टमधल्या एकमेव एक्स्टेन्शनचं नावही टाकायला मॅडमना सांगितलं. वेगळं नाव दिसलं तर त्यांना कळवायचं.

पुढची तपासणी 7 डिसेंबर. पीडीएफ जोडायचं बाकी.